खणातली पाकिटं बाहेर काढ

आधी एक ऐकून घे, बाकीचं नंतर. तुम्हा दोघांपैकी कोणीही गुन्हा केलेला नाही. पोलिसांकडे नाव गेलेलं नाही, यावरून व्हिसा रद्द होत नाही, आणि उद्या सकाळी दारात कोणी येऊन घरातलं सामान उचलून नेणार नाही. रिटेल पार्कमधल्या त्या पार्किंगचं शंभर पौंडांचं पत्र, मग एकशे सत्तर पौंडांचं, मग लाल अक्षरांतलं, आणि आता 'लेटर बिफोर क्लेम' असं लिहिलेलं जाड पाकीट, ही सगळी एका खासगी कंपनीची आणि तिच्या वकिलांची पत्रं आहेत. कंपनी म्हणते, तुम्ही आमचे पैसे देणं लागता. तुम्ही म्हणू शकता, लागत नाही. हा दिवाणी वाद आहे, सध्या तरी इतकाच.

तू ती पाकिटं खणात का टाकत गेलीस ते मला कळतं. देश नवा, पोर लहान, नवऱ्याची नोकरी अजून प्रोबेशनवर, आणि पत्रांवर नाव त्याचं. गाडी चालवत होतीस तू. त्याला सांगितलं तर तो चिडेल, म्हणून आधी एक पाकीट लपवलंस आणि मग दुसरं लपवावंच लागलं. शिवाय आपण दोघी कुठल्या घरात वाढलो! आजोबांच्या बांधाची केस बाबांचे केस पांढरे होईपर्यंत चालली. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे आपण पाढ्यांच्या आधी शिकलो. त्यामुळे कोर्टाचं नाव काढलं की तुझ्या पोटात गोळा येणारच.

पण बाळा, इंग्लंडमधल्या या असल्या दाव्यांत पायरी न चढणाराच हरतो. काउंटी कोर्टातल्या पैशांच्या दाव्यांचे बहुसंख्य निकाल समोरच्याने उत्तरच दिलं नाही म्हणून लागतात. तिथे कोणी न्यायाधीश बसून बोर्ड दिसत होता का, कॅमेरा बरोबर होता का, हे बघत नाही. मुदत संपली, उत्तर आलं नाही, कंपनीने निकाल मागितला, मिळाला. या कंपन्या दाव्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दाखल करतात, आणि तो धंदा चालतो तो घाबरून पैसे भरणाऱ्यांवर आणि घाबरून गप्प बसणाऱ्यांवर. मला राग येतो तो याचा. तू आत्तापर्यंत दुसऱ्या गटात आहेस. तिथून बाहेर यायला अजून वेळ आहे.

पाकीट हातात घेतलंस की आधी पाठवणारा कोण ते बघ. नगरपालिकेचं, म्हणजे काउन्सिलचं पत्र असेल तर ती 'पेनल्टी चार्ज नोटीस'. तिच्यामागे वेगळा कायदा आहे, वेगळा ट्रायब्यूनल आहे, आणि मी इथे सांगतेय ते तिला लागू नाही. खासगी कंपनीची असते ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींचं लघुरूप पीसीएन, दोन्हींचा कागद तसाच दिसणारा. तुझं पत्र दुसऱ्या जातीचं आहे, ते मी तू पाठवलेल्या फोटोत पाहिलं.

आता त्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्याबद्दल. कुणीतरी तुला सांगितलं ना, "फाडून टाक, काही होत नाही, मी कितीतरी वेळा फाडलीत"? ते बोलणारे गृहस्थ खोटं बोलत नाहीत. फक्त ते जुन्या काळात राहतायत. १ ऑक्टोबर २०१२ च्या आधी इंग्लंडमध्ये खासगी जागेत गाडीला जॅमर लावता यायचा, पण पैसे मागायचे तर प्रत्यक्ष चालवणाऱ्याकडेच मागावे लागत, आणि चालवणारा कोण होता हे कंपनीला ठाऊक नसायचं. त्या दिवसापासून 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट' लागू झाला. जॅमर बंद झाले, ते चांगलंच झालं; पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना नवं हत्यार दिलं. चालवणारा कोण ते कळलं नाही तर काही अटी पाळून गाडीच्या नोंदणीकृत 'कीपर'कडून, म्हणजे लॉगबुकवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतात. कीपरचं नाव-पत्ता डीव्हीएलए, म्हणजे सरकारचं वाहननोंदणी खातं, देते, एका नोंदीचे अडीच पौंड घेऊन. वर्षाला एक कोटीहून जास्त नोंदी अशा दिल्या जातात. म्हणून पत्र तुझ्या नवऱ्याच्या नावाने आलं. (आपले एडिंबऱ्याचे काका वेगळं सांगतील, हे परिशिष्ट इंग्लंड आणि वेल्सपुरतंच आहे, तेव्हा त्यांचा अनुभव तुला उपयोगाचा नाही.)

त्यानंतर आला बेव्हिसचा खटला. हा नीट समजून घे, कारण कंपनीचे वकील प्रत्येक कागदात तो घालतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं. बॅरी बेव्हिस हा एसेक्समधला फिश अँड चिप्सचं दुकान चालवणारा माणूस. एप्रिल २०१३ मध्ये चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये त्याने गाडी लावली. दोन तास फुकट होते; त्याला ५६ मिनिटं जास्त झाली. पार्किंगआय कंपनीने ८५ पौंड मागितले. तो म्हणाला, तुमचं नुकसान शून्य, मग ८५ पौंड कशाचे? ही तर शिक्षा झाली, आणि करारात शिक्षा लावता येत नाही. मुद्दा बिनतोड वाटतो ना? तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी हरला. सात न्यायमूर्तींपैकी सहा जण कंपनीच्या बाजूने गेले. एकटे लॉर्ड टूलसन विरोधात राहिले.

का हरला ते बघ. कोर्ट म्हणालं, दुकानांसाठी जागा रिकाम्या होत राहाव्यात यात जागामालकाचं खरंखुरं हित आहे, आणि ते जपायला अशी रक्कम लावणं अवाजवी नाही. कंपनी तर त्या जागेवर काम करण्यासाठी मालकालाच आठवड्याला १००० पौंड देत होती. तिची कमाई या चार्जेसमधूनच व्हायची, आणि कोर्टाला तेही चाललं. मला स्वतःला लॉर्ड टूलसन यांचं म्हणणं जास्त पटतं. एकट्या ग्राहकाला अशा कराराच्या अटींवर घासाघीस करायची संधीच नसते. पण निकाल निकाल आहे. तू त्याच्याविरुद्ध भांडायचं नाहीस. तू त्या निकालाचा पाया बघायचा. तिथे आत शिरतानाच आणि आवारभर सुमारे वीस बोर्ड होते, मोठे, वाचता येतील असे, आणि ८५ पौंडांचा आकडा ठळक. बेव्हिस जास्त वेळ थांबला होता याबद्दल वादच नव्हता. बोर्ड नीट दिसत नव्हता, किंवा जास्त वेळ थांबलोच नाही, अशा माणसाचं काय, याचं उत्तर तो निकाल कंपनीच्या बाजूने देत नाही.

आणि तुझी गोष्ट तर दुसरीच आहे. तू म्हणालीस की सकाळी बुटांसाठी गेलीस, घेऊन घरी आलीस, माप लहान निघालं म्हणून दुपारी बदलायला परत गेलीस. पत्रातले दोन फोटो बघ. एक सकाळी आत जातानाचा, एक दुपारी बाहेर पडतानाचा. मधली बाहेर जायची आणि परत आत यायची नोंद कॅमेऱ्याने पकडली नाही, आणि यंत्राने दोन फेऱ्यांचा एक लांबलचक मुक्काम करून टाकला. हे इतक्या वेळा घडतं की इथले लोक त्याला 'डबल डिप' म्हणतात. पुढे गाडी असेल, नंबरप्लेटवर चिखल असेल, सूर्य समोरून असेल, कॅमेरा चुकतो. तेव्हा तुझा बचाव हा की आपण जास्त वेळ थांबलोच नाही. यापेक्षा साधा आणि मजबूत बचाव दुसरा नाही.

पण तो दाखवता आला पाहिजे. बुटांच्या दुकानाच्या दोन पावत्या शोध, एक खरेदीची आणि एक बदलल्याची. त्यावर वेळ छापलेली असते. पावती हरवली असेल तर बँकेच्या ॲपवरचा व्यवहार चालेल. मधल्या वेळात तू लेकाला नर्सरीतून आणलंस ना? नर्सरीत आणायला येणाऱ्याची सही आणि वेळ लिहितात. त्या पानाची प्रत माग, ईमेलने, आजच. फोनमध्ये गूगलची टाइमलाइन चालू असेल तर त्या दिवसाचा नकाशा काढून ठेव. आणि रिटेल पार्कमध्ये जाऊन बोर्डांचे फोटो घे, गाडीत बसून दिसतात तसे, जवळ जाऊन वाचता येतात तसे नव्हे. तारीख दिसू दे.

तारखांचंही बघायचं आहे. गाडीच्या काचेवर काही न चिकटवता, नुसत्या कॅमेऱ्याच्या जोरावर पाठवलेलं पहिलं पत्र कीपरकडे १४ दिवसांच्या आत पोचायला हवं, पार्किंग संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून. पोस्टात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी ते पोचलं असं धरतात. उशीर झाला असेल तर कीपरवर जबाबदारी येत नाही. कंपनीला चालवणारा कोण ते सिद्ध करावं लागतं. आणि खासगी कंपनीला चालवणाऱ्याचं नाव सांगायला कीपर बांधील नाही. पोलिसांनी विचारलं तर सांगावंच लागतं, ती गोष्ट निराळी. म्हणून पहिल्या पत्राची तारीख बघेपर्यंत कुठेही "मी चालवत होते" असं लिहू नकोस. खोटं मात्र कधीही लिहायचं नाही. 'गाडीचा कीपर' म्हणून लिहायचं, 'चालवणारी व्यक्ती' म्हणायचं, ते खरंच असतं. कोर्टाच्या कागदावर सत्यकथनाची सही असते. तिथे जाणूनबुजून खोटं लिहिणं हा कोर्टाचा अवमान आहे. असल्या पार्किंगपायी तो धोका कोणी घेऊ नये.

याचाच अर्थ असा की आज रात्री नवऱ्याला सांग. मला माहीत आहे, तुला हेच सगळ्यात अवघड आहे. पण दावा आला तर तो त्याच्या नावावर येईल, उत्तरावर सही त्याची लागेल, आणि निकाल लागला तर पतपत्रिका त्याची बिघडेल. तू एकटीने हे निस्तरूच शकत नाहीस, कायद्यानेही नाही. तो दहा मिनिटं चिडेल. चिडू दे. त्यानंतर तुम्ही दोघं एका बाजूला असाल.

खरं तर पहिलं पत्र आलं तेव्हाच दुकानात जाऊन मॅनेजरला भेटायला हवं होतं. ग्राहकाची पावती बघून दुकानवाले किंवा जागामालक सांगतात आणि कंपनी चार्ज रद्द करते, असं बऱ्याचदा होतं. अजूनही एक ईमेल टाकून बघ, जात काही नाही. त्यानंतरचा रस्ता म्हणजे कंपनीकडे अपील, आणि तिने नाकारलं की स्वतंत्र अपील. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असेल तर 'पोपला'कडे. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची असेल तर 'इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस'कडे. पोपला फुकट आहे, तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो आणि आपल्यावर नसतो. ती मुदत तुझी गेली. त्याबद्दल रडत बसू नकोस. अपील केलं नाही म्हणून कोर्टात बचाव करायचा हक्क जात नाही.

ही दोन्ही मंडळं कंपन्यांनीच उभी केलेली आहेत, हेही लक्षात ठेव. त्यांनी २०२४ साली एकच आचारसंहिता आणली. त्यात चार्जची कमाल मर्यादा १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर चाळीस टक्के सूट, वेळ संपल्यावर किमान १० मिनिटांची सवलत, अशा गोष्टी आहेत. याआधी संसदेने २०१९ मध्ये कायदा करून सरकारी संहितेची तरतूद केली होती. ती फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाली; वसुलीच्या नावाने वर लावलेल्या जादा रकमेवर ती बंदी घालणार होती. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. २०२५ च्या जुलैत पुन्हा सूचना मागवल्या. तोवर कुंपणच शेताची राखण करतंय, आणि तुझ्यासारख्या मुली खणात पाकिटं लपवतायत.

तरी लोकांनी आवाज केला की फरक पडतो. डर्बीत एका तरुणीकडे कंपनीने १९०६ पौंड मागितले होते. ती दर वेळी पूर्ण पैसे भरत होती. फक्त फोनला रेंज नसल्याने आत शिरल्यापासून पाच मिनिटांत भरणं होत नव्हतं. तिने बचाव केला, बातमी झाली, कंपनीने दावा मागे घेतला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संहितेतला तो पाच मिनिटांचा नियम बदलावा लागला. एका मुलीने उत्तर दिलं म्हणून.

तुझ्या पत्रातले ते सत्तर पौंड कुठून आले, हे तू विचारलंस. मूळ चार्ज शंभर, त्यावर 'वसुली खर्च' म्हणून सत्तर. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टच्या त्या चौथ्या परिशिष्टात लिहिलंय की कीपरकडून मागायची रक्कम पहिल्या पत्रातल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. काही न्यायाधीश हे सत्तर उडवून लावतात, काही देतात. तेव्हा उत्तरात हा मुद्दा वेगळा मांडायचा. आणि वसुली एजन्सीची जी पत्रं मध्ये आली, त्यांना कसलाही अधिकार नसतो. बेलिफ वेगळा. तो कोर्टाचा निकाल लागून, तो न भरून, कोर्टाने वॉरंट काढल्यावरच येतो.

आता हातातलं पाकीट. दाव्याआधीच्या या पत्राला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात; कर्जवसुलीच्या दाव्यांसाठी २०१७ पासून तसा नियम आहे. सोबत एक छापील उत्तरपत्र असतं, त्यात उत्पन्न-खर्चाचे रकाने असतात. ते भरू नका. ते रकाने, देणं मान्य आहे पण पैसे नाहीत, अशा माणसासाठी आहेत. त्याऐवजी ईमेल करा: रक्कम अमान्य आहे, त्या दिवशी गाडी दोनदा आली, मधली नोंद तुमच्या कॅमेऱ्याने चुकवली, त्या दिवसाच्या या नंबरच्या सगळ्या नोंदी द्या, जागामालकाबरोबरचा करार दाखवा, बोर्डांचे फोटो आणि नकाशा द्या, सत्तर पौंड कशाच्या आधारे लावले ते सांगा. त्याच दिवशी कंपनीच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याला वेगळा ईमेल करा आणि नवऱ्याच्या नावाने त्यांच्याकडे असलेली सगळी माहिती मागा. ती फुकट आणि साधारण महिन्याभरात द्यावीच लागते. कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदींत कधीकधी ती मधली फेरी सापडते आणि प्रकरण तिथेच संपतं.

नाही संपलं तर क्लेम फॉर्म येईल. इथे मात्र दिवस मोजायचे. फॉर्मवर इश्यू डेट असते. त्यात पाच दिवस मिळवले की फॉर्म मिळाला असं धरतात. त्यानंतर १४ दिवसांत 'ॲक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस' ऑनलाइन भरायची. पूर्ण दाव्याचा बचाव करणार, एवढीच खूण करायची. बचावाच्या चौकटीत तेव्हा एक शब्दही लिहायचा नाही, कारण तोच बचाव म्हणून धरला जातो. ती भरली की एकूण मुदत २८ दिवसांची होते. मग सावकाश, मुद्देसूद बचाव लिहायचा. कंपनीचा दावा चार-पाच ओळींचा, साच्यातून काढलेला असेल आणि नेमका कुठला नियम मोडला हेच त्यात नसेल तर तसं ठणकावून लिहायचं. ल्यूटनच्या काउंटी कोर्टात २०२३ मध्ये अपिलात न्यायाधीशांनी असा मोघम दावा काढून टाकला होता. ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टातला २०१६ चा एक निकालही आहे, आपल्याच इमारतीशी सामान उतरवायला थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे, असं सांगणारा. तुला तो लागू नाही, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना सांगून ठेव.

बचाव दिला की मे २०२४ पासून फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. तासाभराची, फुकट. मध्यस्थ एकदा इकडे फोन करतो, एकदा तिकडे. समोरच्याशी बोलावं लागत नाही. फोन घ्यायलाच हवा, तडजोड करायलाच हवी असं नाही. "आम्ही थांबलोच नाही, म्हणून शून्य" असं शांतपणे सांगून फोन ठेवला तरी चालतं.

मग तारीख पडते, आणि पुष्कळदा कंपनी सुनावणीची फी भरायच्या आधी दावा सोडते. त्यावर विसंबून मात्र राहू नका.

आणि सुनावणी झालीच तर? शेजारच्या गुजराती मावशींबरोबर मी गेले होते, म्हणून सांगते. सिनेमातलं कोर्ट डोक्यातून काढून टाक. एक साधी खोली, लांब टेबल, टोकाला न्यायाधीश, झगा नाही, विग नाही. त्यांना 'जज' म्हणायचं. पक्षकार स्वतः हजर असेल तर छोट्या दाव्यात त्याच्या वतीने वकील नसलेला माणूसही बोलू शकतो. मावशींचं इंग्रजी अडखळतं म्हणून मी बोलले. कंपनीने पाठवलेल्या तरुण वकिलाच्या हातात जाड फाइल होती. न्यायाधीशबाईंनी बोर्डाचा फोटो बघितला आणि विचारलं, हा भर उन्हातला आहे, घटना डिसेंबरच्या संध्याकाळची. तेव्हा बोर्डावर दिवा होता का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दावा फेटाळला. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढंच?" इतके महिने त्यांची झोप उडाली होती.

हरलात तर काय, तेही उघड बोलू. शंभर पौंड, दाव्याची फी ३५, सुनावणीची २७, वकिलाचा ठरलेला खर्च ५०, थोडं व्याज, आणि न्यायाधीशांनी दिले तर ते सत्तर. छोट्या दाव्यात हजारो पौंडांचा खर्च अंगावर पडत नाही. उगाच त्रास द्यायला भांडलात असं दिसलं तरच वेगळं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की निकाल लागल्यापासून महिन्याभरात पूर्ण पैसे भरले तर त्याची नोंद निकालांच्या रजिस्टरमधून निघून जाते. नाही भरले तर सहा वर्षं राहते. घरकर्ज, भाड्याचं घर, फोनचा करार, सगळीकडे ती नोंद आडवी येते, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही दिवाणी निकालांबद्दल विचारतात. म्हणजे भांडून हरण्याने नुकसान थोड्या पैशांचं होतं. गप्प बसून हरण्याने सहा वर्षांचं.

म्हणूनच तुमच्या घर बदलण्याची मला जास्त काळजी आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही निघालात आणि लॉगबुकवर जुनाच पत्ता राहिला, तर क्लेम फॉर्म जुन्या घरी जाईल, नवा भाडेकरू तो कचऱ्यात टाकेल, आणि तुम्हाला कळेल ते थेट बँकेने कर्ज नाकारल्यावर. कंपनीला दावा करायला सहा वर्षं आहेत. तसा निकाल रद्द करून घेता येतो, पण अर्जाची फीच तीनशे पौंडांच्या घरात आहे आणि कळल्यावर लगेच हालचाल करावी लागते. तेव्हा चाव्या हातात पडल्या त्याच दिवशी डीव्हीएलएच्या साइटवर लॉगबुकचा पत्ता बदला. नवऱ्याच्या लायसन्सवरचा वेगळा बदलावा लागतो, एकाने दुसरा बदलत नाही. कंपनीला आणि तिच्या वकिलांनाही नवा पत्ता ईमेलने कळवा, जुना पुसून टाका असं स्पष्ट लिहून. आपणहून त्यांना पत्ता द्यायचा हे तुला विचित्र वाटेल. पण पत्र न मिळण्यातच तुमचा सगळ्यात मोठा धोका आहे.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. दुकानं फिरता फिरता खरंच वेळ विसरलात, बोर्ड स्वच्छ दिसत होता, असं पुढे कधी झालं तर पहिल्या १४ दिवसांत सूट घेऊन पैसे भरून मोकळे व्हा. मी तुला भांडखोर व्हायला सांगत नाहीये. जे देणं नाही ते भीतीपोटी देऊ नकोस, एवढंच म्हणतेय. आणि माझ्यावरही आंधळा विश्वास नको. सिटिझन्स ॲडव्हाइसच्या जवळच्या केंद्रात फुकट सल्ला मिळतो, तिथे कागद दाखवून ये.

फोटोतल्या पत्रावरची तारीख मी मोजली. तीस दिवस पुढच्या गुरुवारी संपतायत. नर्सरीचं पान आणि दोन पावत्या रविवारपर्यंत हाताशी येतील असं बघ. मसुदा तुम्ही दोघांनी मिळून लिहा, इंग्रजी सजवू नका, वाक्यं छोटी ठेवा, आणि सोमवारी रात्री मला पाठवा. मी मंगळवारी वाचून परत देते. बुधवारी दुपारच्या आत नवऱ्याच्या ईमेलवरून जाऊ दे, प्रत स्वतःला ठेवून. पोचल्याचं उत्तर आलं नाही तर गुरुवारी सकाळी पोस्टातूनही एक टाकायचं, आणि टाकल्याचा दाखला पोस्टाच्या खिडकीवर मागून घ्यायचा. तो फुकट देतात.